पोटातले ओठावर

माझ्या पोटात काही राहत नाही. बँकेत इन्क्रिमेंट लागलं की या खेपेला घरी सांगायचं नाही, असं ठरवून मी निघतो आणि बसस्टॉपवरच शेजाऱ्यांना सांगून मोकळा होतो. ही खोड जुनी आहे. पाचव्या वर्षी मी चार आण्याचं नाणं गिळलं होतं. आईने डझनभर केळी चारली आणि तिसऱ्या दिवशी मुद्दल परत मिळालं. व्याज अर्थातच नाही. त्या तीन दिवसांत घरातल्या प्रत्येकाने माझ्या पोटाला कान लावून पाहिला. पण नाणं कुठवर आलंय, ते पोट सांगेल तर शपथ!

आमचे अण्णा याच्या अगदी उलट. जे त्यांच्या पोटात गेलं ते गेलं, असा आमचा ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांबद्दल समज. तो गेल्या महिन्यात खोटा ठरला. त्यांच्या पानाच्या डब्यात, सुपारीखालच्या कप्प्यात, रक्तदाबाच्या चौदा गोळ्या सापडल्या. मी दोनदा मोजल्या. हेडकॅशियरची सवय, दुसरं काय! रोज रात्री सौ. पाण्याचा पेला पुढे करून विचारायची, "अण्णा, गोळी घेतलीत ना?" आणि अण्णा म्हणायचे, "घेतली की." म्हणजे चौदा दिवस आमच्या वहीत रक्कम जमा होती आणि तिजोरी रिकामी होती.

त्या रात्री झोप लागेना. माणूस दुसऱ्याच्या पोटात डोकवायला कधीपासून धडपडतोय, ते वाचायला बसलो. मी पडलो बी. कॉम. आतड्यांची लांबी मला ठाऊक नाही. पण खातं कुणी उघडलं आणि कुणी बुडवलं, एवढं नक्की कळतं.

हे खातं उघडलं एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कॅनडियन हमालाच्या पोटात बंदुकीचा बार चुकून घुसला. गडी वाचला, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरला ही खिडकीच सापडली. १८२५ साली त्याने मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून, विहिरीत कळशी सोडावी तसे आत सोडले आणि घड्याळ लावून वर ओढून पाहिले. अन्न जठररसाने पचतं, चिडलं की पचन बिघडतं, अशा कित्येक गोष्टी त्याने १८३३च्या पुस्तकात मांडल्या. विज्ञानाचा फायदा झाला. सेंट मार्टिन मात्र कंटाळून मध्येच न सांगता कॅनडाला पळाला. पुढे १८३२ साली त्याच्याशी चक्क करार झाला: वर्षाला दीडशे डॉलर आणि जेवण-राहणं. ते जेवणही दोऱ्याला बांधून तपासलं जायचं, हे वेगळं. १८८०मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा पोट मागू नये म्हणून घरच्यांनी देह कुजू दिला आणि मग खोल खड्ड्यात पुरला. ही हकीकत वाचताना मला का कोण जाणे, पानाचा डबा आठवला.

दोऱ्यावाचून आतली खबर मिळायला १९५७ साल उजाडावं लागलं. मोठं गमतीचं साल! १ एप्रिलला आपल्याकडे नवा पैसा आला, म्हणजे गिळायला नवं नाणं मिळालं. ४ ऑक्टोबरला रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला आणि तो वरून 'बीप बीप' करू लागला. आणि त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी तसाच बीप करणारा ऐवज माणसाच्या पोटात सोडला. स्टॉकहोममध्ये मॅके आणि याकोबसन यांनी गिळायचं रेडिओयंत्र केलं, तर तिकडे न्यूयॉर्कमध्ये, दूरदर्शनच्या जनकांपैकी एक असलेल्या झ्वोरिकिन यांनी 'रेडिओ पिल' पुढे आणली. ट्रान्झिस्टर नुकताच निघाला होता म्हणून हे जमलं. एरवी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ गिळायचा म्हणजे पाहुण्याला टेबलासकट जेवायला घालण्यासारखंच. आतड्याचा दाब कमीजास्त झाला की गोळीच्या आवाजाची पट्टी बदलायची आणि डॉक्टर बाहेर एरियल धरून ऐकायचे. माझ्या पोटाला लावलेला कान शेवटी शास्त्राने मान्य केला तो असा.

पुढे ही गोळी शिकतच गेली. १९९८ साली जॉन ग्लेन ७७व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले, तेव्हा अंगातलं तापमान कळवणारी गोळी गिळून गेले. मग इस्रायलचे गाव्रिएल इद्दान आले. क्षेपणास्त्राला डोळे बसवणाऱ्या खात्यातला हा इंजिनियर. त्याने गोळीलाच कॅमेरा आणि दिवा बसवला. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ती सेकंदाला दोन फोटो काढत आठ तासांत सुमारे पन्नास हजार फोटो बाहेर पाठवते. आमच्या लग्नात फोटोग्राफरने काढले बत्तीस, त्यातल्या नऊत मी डोळे मिटलेले.

पण मी ज्या पानावर थांबलो ते २०१७चं. त्या वर्षी अमेरिकेत एका मानसिक आजारावरच्या औषधाला असा कण बसवला, की गोळी घेतल्याची पोच मिळते. कण वाळूच्या दाण्याएवढा. त्यात तांबं आणि मॅग्नेशियम. लिंबात दोन धातूंच्या पट्ट्या खोचल्या की वीज होते ना, तशी जठरातल्या आम्लात इवलीशी वीज होते. तिचा इशारा माणसाच्याच ओल्या देहातून फासळीवरच्या चिकटपट्टीपर्यंत जातो, आणि पट्टीकडून फोनला. रोग्याने परवानगी दिली तर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही कळतं. शरीरच तार झालं की हो!

मी तर हरखलोच. पोच, वेळ, तारीख, सगळं व्हाउचरसारखं! पण परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानेच स्पष्ट लिहिलं होतं, की यामुळे रोगी नियमाने गोळ्या घेऊ लागतात असं सिद्ध झालेलं नाही. कण बनवणारी कंपनी तर २०२० साली दिवाळखोरीत निघाली. गोळी आत गेली एवढं यंत्र सांगतं. माणूस ती सुपारीखाली का ठेवतो, ते सांगायची सोय त्यात कुठे होती?

सकाळी अण्णांच्या समोर बसलो. चौदा गोळ्या मध्ये ठेवल्या.

"अण्णा, तुम्ही का नाही घेत?"

बराच वेळ ते अडकित्त्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "घेतली की पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते रे. मागल्या महिन्यात न्हाणीघरात पडलो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं संध्याकाळचं देवळापर्यंत जाणं बंद केलं असतं. केलं नसतंस?"

केलं असतं. मी गप्प बसलो. आजवर मी रोज 'घेतली का' एवढंच विचारत होतो.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी बदलून दिली, उठताना आधी मिनिटभर खाटेवर बसा म्हणाले, आणि देवळापर्यंत खुशाल चाला, असंही. परत येताना रिक्षात अण्णांनी पडल्याची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी सविस्तर, बादलीच्या आवाजासकट.

आता ते गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करतात. रविवारच्या चौकोनात खूण दिसली नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रविवारी बँक बंद असते ना?"

मी हसलो आणि गुपचूप पाकिटातल्या गोळ्या मोजायला गेलो. हिशेब बरोबर होता.

"टॅली झालं का?" बाहेरून अण्णांनी विचारलं.