काठावरचं काँक्रीट : थंड मुलखातल्या पोहण्याच्या तलावांची गोष्ट

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला दाराशीच विचारलं, की पोहण्याच्या तलावाच्या काठाला कसला आलाय इतिहास? आहे, आणि चांगला वळणावळणाचा आहे. त्यात गुरांची चरबी आहे, पाइनच्या झाडांचे खुंट आहेत, प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरणारा एक माणूस आहे, आणि स्वतःचाच सिद्धान्त मोडीत काढणारा एक शास्त्रज्ञही आहे.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. साल 1936. मंदीचा काळ, लाखो माणसं बेकार. केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून पैसा येत होता आणि शहराच्या उद्यानांचा कारभार रॉबर्ट मोझेस यांच्या हातात होता. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी शहरात 11 सार्वजनिक तलाव उघडले. अॅस्टोरियाचा तलाव तर इतका मोठा, की त्या वर्षीच्या ऑलिंपिकसाठी जलतरणाच्या निवड स्पर्धा तिथेच झाल्या. उन्हाळाही तसाच होता. 9 जुलैला सेंट्रल पार्कमध्ये पारा 106 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ 41 सेल्सियसवर गेला. नागपूरकरांना यात काही विशेष वाटणार नाही, पण न्यूयॉर्कसाठी ते भयंकर होतं.

हे झालं उन्हाळ्याचं. आपला विषय आहे त्याच तलावांचा हिवाळा. तलावाभोवती चालायला, बसायला काँक्रीटचा जो सपाट पट्टा असतो, त्याला तिकडे डेक म्हणतात. दिसायला आपल्या अंगणातल्या कोब्यासारखाच. पण काँक्रीटवर जेवढे म्हणून अत्याचार करता येतात, ते सगळे या बिचाऱ्यावर होतात. तो आडवा, त्यामुळे पाणी त्याच्यावर साचतं. उन्हाळाभर तो ओला. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ, दुपारी उन्हानं बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी पुन्हा गोठतं. भिंत उभी असते, तिच्यावरून पाणी निथळून जातं. पुलाच्या खांबाचंही तसंच. डेकला ती सोय नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काँक्रीटला थंडी मारत नाही. कोरडं काँक्रीट शून्याखाली 40 अंशांतही शांतपणे पडून राहतं. मारतो तो पाण्याचा आणि थंडीचा संयोग, आणि त्यातही गोठणं-वितळणं याची फेरी. जिथे पारा सतत शून्याच्या वर-खाली करत राहतो, तिथे काँक्रीटचे हाल जास्त. मेन राज्यात समुद्रात ट्रीट आयलंड नावाचं एक बेट आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1936 पासून तिथे काँक्रीटचे ठोकळे मांडून ठेवले आहेत. भरतीला ते पाण्याखाली जातात, ओहोटीला उघडे पडून गोठतात. एका हिवाळ्यात अशा शंभरावर फेऱ्या होतात. म्हणजे निसर्गानंच चालवलेली छळछावणी म्हणा ना.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. काँक्रीट बाहेरून दगडासारखं दिसलं तरी आतून ते सूक्ष्म छिद्रांचं जाळं असतं. सिमेंटशी रासायनिक क्रिया व्हायला जेवढं पाणी लागतं, त्यापेक्षा बरंच जास्त आपण घालतो, माल नीट पसरावा म्हणून. ते जादा पाणी निघून जातं आणि मागे वाटा ठेवून जातं. 1918 च्या सुमारास शिकागोत डफ अॅब्रम्स यांनी पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा नियम मांडला, की पाणी कमी तर ताकद जास्त. तिथून एक पिढीभर अभियंत्यांचा एकच ध्यास होता : काँक्रीट घट्ट करा, भरीव करा, त्यात हवा राहू देऊ नका. हवा म्हणजे दोष, गवंड्याची हलगर्जी.

ही समजूत उलटली ती रस्त्यांवर. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात मोटारी वाढल्या, हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवायची मागणी आली आणि बर्फ वितळवायला क्षार टाकणं सुरू झालं. काँक्रीटच्या रस्त्यांचे पापुद्रे निघू लागले. न्यूयॉर्क राज्याच्या अभियंत्यांना मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. शेजारशेजारचे रस्ते, तीच खडी, तीच वाळू, तोच हिवाळा, पण काही पट्टे शाबूत आणि काही सोललेले. मग सिमेंट कुठल्या गिरणीचं, याचा माग काढला गेला. टिकलेल्या पट्ट्यांतल्या सिमेंटमध्ये दळताना चिकटू नये म्हणून गुरांची चरबी घातली जायची. (चरबी म्हटली की आपल्या डोक्यात 1857 ची काडतुसं येतात, पण इथे मामला निराळा आहे.) त्या चरबीमुळे काँक्रीट कालवताना साबणासारखा बारीक फेस होत होता. डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे मालात अडकून राहत होते.

ही गोष्ट पुष्कळदा अशी सांगितली जाते, की यंत्राच्या बेअरिंगमधून तेल गळलं आणि शोध लागला. गोष्ट म्हणून छान आहे. पण त्यामुळे खरं श्रेय झाकलं जातं असं मला वाटतं. गळती किंवा चरबी हा अपघात असेल. रस्त्यांच्या नोंदी ठेवणं, कुठल्या पट्ट्यात कुठली पोती गेली ते लिहून ठेवणं, हा अपघात नव्हता. कोणीतरी कारकुनानं वही नीट भरली होती म्हणून हा शोध लागला.

पुढे चरबीची जागा पाइनच्या खुंटांपासून काढलेल्या राळेनं घेतली. व्हिन्सोल रेझिन या नावानं ती प्रसिद्ध झाली. 1942 मध्ये हवा धरणाऱ्या सिमेंटचं अमेरिकी मानकच निघालं. म्हणजे मोझेस यांचे 11 तलाव बांधले जात असताना हे ज्ञान अजून कुठल्याही नियमावलीत आलेलं नव्हतं, आणि सहाच वर्षांनी आलं.

अभियंत्यांना हे पचायला जड गेलं, आणि ते साहजिक होतं. हवा एक टक्का वाढली की काँक्रीटची ताकद अंदाजे 5 टक्के घटते. म्हणजे तुम्ही म्हणताय, की कमजोर काँक्रीट जास्त टिकेल? होय, तेच म्हणतोय. ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण का टिकतं? इथे टी. सी. पॉवर्स यांचं नाव घ्यायला हवं. शिकागोतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत ते काम करत. 1945 मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली : छिद्रातलं पाणी गोठू लागलं की उरलेलं पाणी पुढे ढकललं जातं. अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब वाढतो. जवळ रिकामा बुडबुडा असेल तर पाणी तिथे शिरतं, नसेल तर काँक्रीट फाटतं. याचा अर्थ असा, की नुसती हवा किती हे महत्त्वाचं नाही, बुडबुडे एकमेकांपासून किती लांब हे महत्त्वाचं. 1949 मध्ये त्यांनी त्याचं गणितही दिलं. आज 0.2 मिलिमीटर ही मर्यादा मानतात. सिमेंटच्या लगद्यातल्या कुठल्याही बिंदूपासून बुडबुडा त्याहून लांब नको.

आता गंमत पुढे आहे. 1953 मध्ये पॉवर्स आणि त्यांचे सहकारी हेल्मथ यांनी प्रयोग केले, आणि पॉवर्स यांचीच कल्पना अडचणीत आली. तापमान स्थिर ठेवलं तरी बुडबुडे नसलेला नमुना फुगतच राहिला. बुडबुडे असलेला नमुना तर गोठताना आकसला! पाणी बर्फापासून दूर ढकललं जात असेल तर हे कसं व्हावं? उलट पाणी बर्फाकडे ओढलं जात होतं. बुडबुड्यात बर्फ असेल तर तो आजूबाजूचं पाणी शोषून घेतो आणि लगदा कोरडा, सुरक्षित राहतो. पॉवर्स यांनी हे लपवलं नाही, छापलं. पुढे त्यांनी आपला जुना दाबाचा सिद्धान्त बराचसा सोडून दिला. औषध लागू पडत होतं, रोगाची मीमांसा बदलली. त्या मीमांसेवर आजही वाद चालूच आहेत.

हेच ओढलं जाणं डेकच्या खालच्या मातीतही घडतं, आणि ते त्याहून आधी सापडलं होतं. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे दोष 9 टक्के फुगण्याचा नव्हता. खालून द्रव वर ओढला जाऊन बर्फाचे थर साचत होते. बारीक, गाळवट मातीत हे फार होतं, जाड खडीत होत नाही, कारण खडी पाणी वर ओढू शकत नाही. डेकखाली खडीचा थर घालायचा तो यासाठी. नुसता भरावा म्हणून नाही.

महायुद्धानंतर तलाव श्रीमंतांच्या बंगल्यांतून मध्यमवर्गाच्या परसात आले. त्याला मोठा हातभार लागला फवाऱ्यानं मारायच्या काँक्रीटचा. त्याचं यंत्र कार्ल एकली यांचं, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे पुतळे उभे करणाऱ्या कारागिराचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ते बनवलं. साचा नको, पाहिजे त्या आकाराचा खड्डा खणा आणि फवारा. कॅलिफोर्नियात हे धडाक्यात चाललं. मग तीच हौस न्यू जर्सी, मिशिगन, ओंटारियोत गेली, आणि तिथे हिवाळा वाट बघत होता.

घरगुती तलावाची अडचण अशी, की तलाव खोल आणि जड, तो जागचा हलत नाही. डेक उथळ, फक्त चार इंच जाडीचा, आणि नव्यानं भरलेल्या मातीवर बसलेला. हिवाळ्यात तो उचलला जातो, वसंतात बसतो. तलावाच्या कडेला तो घट्ट जोडला असेल तर कडेच्या फरश्या उखडतात. म्हणून दोघांच्या मध्ये साधारण अर्धा इंचाची फट ठेवून ती लवचीक मसाल्यानं भरायची आणि तो मसाला दर काही वर्षांनी बदलायचा. ढाळ तलावाच्या उलट दिशेला, फुटाला पाव इंच. दर आठ-दहा फुटांवर सांधा, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा खोल. पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर नको, हवा 6 टक्क्यांच्या आसपास.

हे सगळं कागदावर आहे, कित्येक दशकं आहे. तरी डेक सोलतात. का? माझ्या मते खरी हार शेवटच्या दोन तासांत होते. काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येतं. ते आटायच्या आत गवंड्यानं पत्र्याची थापी फिरवली, की वरचा पातळ थर पाण्यानं कमजोर होतो आणि बुडबुडे निघून जातात. खालचं काँक्रीट उत्तम, वरचे चार-पाच मिलिमीटर नासलेले. हवेनं भरलेला माल थापीला चिकटतो, म्हणून कोणीतरी वर पाणी शिंपडतो. आणि गिऱ्हाईकाला हवा असतो गुळगुळीत काठ! गुळगुळीत म्हणजे चांगलं काम, ही समजूत आपल्याकडेही आहे. थंड मुलखात चांगलं काम म्हणजे झाडू ओढून खरबरीत केलेला पृष्ठभाग, ओल्या पायांनाही तोच बरा. मग पाणी मारणं, आणि पहिल्या गोठण्याआधी काँक्रीटला सुकायला पुरेसे आठवडे देणं. ऑक्टोबरात घाईनं उरकलेल्या डेकच्या नशिबी ते आठवडे नसतात.

शेवटी वेळ उरला तेव्हा आलेले दोन प्रश्न घेतो.

एका बाईंनी विचारलं, मुलाचं घर टोरांटोजवळ आहे, तलाव खाऱ्या पाण्याचा आहे, तर मीठ काठ खाईल का? मिठाबद्दल एक अनपेक्षित गोष्ट 1957 मध्ये व्हरबेक आणि क्लीगर यांनी दाखवली : सर्वांत जास्त पापुद्रे तीव्र खाऱ्या पाण्यानं निघत नाहीत, साधारण 2 ते 4 टक्क्यांच्या सौम्य द्रावणानं निघतात. तलावात मीठ असतं 0.3-0.4 टक्के, म्हणजे त्याहून पुष्कळ कमी. पण काठावर उडालेलं पाणी सुकतं आणि मीठ मागे राहतं, असं उन्हाळाभर. तेव्हा हंगाम संपताना काठ साध्या पाण्यानं धुऊन घ्यायला सांगा. आणि हिवाळ्यात त्याच्यावर मीठ टाकू नका म्हणावं, घसरायची भीती असेल तर वाळू टाका.

दुसरा प्रश्न होता, आपल्या मानकांत हे आहे का. आहे. आयएस 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत गोठण्या-वितळण्याचं कलम आहे. 20 मिलिमीटर खडीच्या काँक्रीटमध्ये, दर्जा एम 50 पेक्षा कमी असेल तर, 5 टक्के हवा, एक टक्का इकडे-तिकडे. महाराष्ट्रात बांधकाम करणाऱ्याला ते कलम उघडायची वेळ येत नाही. लेहला किंवा लाहौलला काम घेतलं, तर मात्र ते पान आधी काढावं लागतं, आणि सोबत नेलेल्या गवंड्यांना थापी कधी फिरवायची नाही हे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सांगावं लागतं.