एका दिवसात तीन राजधान्यांच्या खुणा : कामठी, मनसर, नगरधन, रामटेक

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. त्याच्याही सुमारे तेराशे वर्षे आधी या परिसरात वाकाटकांची राजधानी नांदत होती. तिच्या खुणा नागपूरपासून ५० किलोमीटरच्या परिघात आजही पाहता येतात. बहुतेक नागपूरकर रामटेकला देवदर्शनासाठी जातात आणि गड उतरून परततात. त्याच फेरीत मनसर आणि नगरधन जोडल्यास मात्र एका कर्तबगार राणीचा काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

ती राणी म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची ही कन्या वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा यास दिली होती. पतीच्या अकाली निधनानंतर, चौथ्या शतकाच्या अखेरीस, तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार सांभाळला. स्वतःच्या नावाने ताम्रपट देणारी ही राणी त्यांत आपल्या माहेरच्या कुळाचा अभिमानाने उल्लेख करते.

कामठी

जबलपूर मार्गाने निघाल्यावर पहिला थांबा कामठीचा. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर नागपूरवर इंग्रजांचा अंमल बसला आणि १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी त्यांनी लष्करी छावणी उभारली. छावणीभोवती गाव वाढले. हातमागाच्या विणकामासाठीही ते ओळखले जाऊ लागले. १९९९ मध्ये उभारलेले ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार येथेच आहे. पुढचा पल्ला लांब असल्याने येथे तासाभराहून अधिक वेळ घालवू नये.

मनसर

कन्हान ओलांडून महामार्गाने पुढे गेल्यावर मनसर लागते. मॅंगनीजच्या खाणीमुळे परिचित असलेल्या या गावाजवळच्या टेकड्यांवर १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. हिडिंबा टेकडीवर विटांच्या भव्य बांधकामाचे थर उघडे पडले. ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेली मुद्राही सापडली. प्रभावतीगुप्तेचा पुत्र प्रवरसेन दुसरा याने नंदिवर्धनाहून राजधानी हलवून प्रवरपूर वसविले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले होते. या शोधानंतर अनेक अभ्यासकांचा कौल मनसरकडे झुकला. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे काव्य याच प्रवरसेनाच्या नावावर आहे. येथे सापडलेली शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टेकडीवर सावली कमी असल्याने हा भाग सकाळीच पाहावा.

नगरधन

मनसरहून रामटेकमार्गे दक्षिणेस गेल्यास नगरधन गाठता येते. वाकाटकांचे नंदिवर्धन ते हेच, असे मानले जाते. प्रभावतीगुप्तेचा पुणे येथे उजेडात आलेला ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. आज दिसणारा किल्ला मात्र भोसलेकालीन असून त्यात जमिनीखाली देवीचे स्थान आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. ताम्रपटांतून परिचित असलेली राणी अशा रीतीने थेट या मातीतच भेटली.

रामटेक

दुपारनंतर रामटेकचा गड चढावा. राममंदिराकडे जाण्यापूर्वी वाटेवरील केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम ही पाचव्या शतकातील स्थाने अवश्य पाहावीत. केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख झिजला आहे. तथापि, हे मंदिर प्रभावतीगुप्तेच्या कन्येने आईच्या पुण्यार्थ उभारले, असे अभ्यासक त्यावरून सांगतात. राणीचा रिद्धपूर ताम्रपटही रामगिरिस्वामींच्या चरणांपासून, म्हणजे याच टेकडीवरून दिल्याचे मानतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे मिराशी यांनी प्रतिपादिले. गडावरील कालिदास स्मारक त्याचीच आठवण देते. पायथ्याचा अंबाळा तलाव सायंकाळी पाहण्याजोगा असतो.

जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला यात्रा भरते. निवांतपणे पाहावयाचे असल्यास ते दिवस टाळावेत. सकाळी सातला निघाल्यास रात्रीपर्यंत घरी पोचता येते. पाणी आणि शिदोरी सोबत ठेवावी. गडावर माकडांपासून ती सांभाळावी.

मनसरच्या विटा दीड हजार वर्षे मातीखाली सुरक्षित होत्या. आता त्या ऊन, पाऊस आणि माणसांच्या पायांखाली आहेत. चौथऱ्यांच्या कडांवर चढू नये, वीट वा खापराचा तुकडा उचलू नये. नगरधनची मुद्रा मुठीत मावेल एवढीच होती. तसाच एखादा तुकडा कुणाच्या खिशातून घरी गेला, तर इतिहासातील एक ओळ कायमची पुसली जाईल.