अनोळखी डिस्क आणि नकार देणारा ड्रायव्हर

१/६ डिस्कवरील मांडणी ओळखीची नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमने काय करावे? अंदाजाने लिहावयास घेतले, तर वर्षांचा संग्रह क्षणात नष्ट होतो. लिनक्सने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते पाहू.

२/६ १९९३ साली रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट२ ही फाइल सिस्टीम आली. पुढे तिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे पार्टिशनच्या आरंभापासून १०२४ बाइटांवरील नोंदीत, ३२ बिटांचे तीन रकाने राखले गेले.

३/६ नव्या सुविधेची खूण पहिल्या रकान्यात असेल, तर ती न जाणणाऱ्या ड्रायव्हरनेही वाचावे आणि लिहावे. दुसऱ्यात असेल, तर केवळ वाचावे. तिसऱ्यात असेल, तर डिस्क माउंट करण्यासच नकार द्यावा.

४/६ २००१ मध्ये जर्नल असलेली एक्स्ट३ मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. जर्नलची खूण पहिल्या रकान्यात होती. म्हणून नीट बंद केलेली डिस्क जुना एक्स्ट२ ड्रायव्हरही चालवी. मात्र मध्येच वीज गेली, की अपुरे बदल जर्नलमध्ये अडकत. अशा वेळी तिसऱ्या रकान्यातील खूण तशीच राही आणि जुना ड्रायव्हर माघार घेई.

५/६ दुरुस्ती करणारा ई२एफएसके याहून कठोर आहे. अनोळखी खूण कोणत्याही रकान्यात दिसली, तरी तो डिस्कला हात लावीत नाही. जे उमगलेच नाही, ते दुरुस्त कसे करणार?

६/६ २००८ मध्ये स्थिरावलेल्या एक्स्ट४ने फायलींचे पत्ते नोंदवण्याची रीतच बदलली; तिची खूण तिसऱ्या रकान्यात गेली. अशी डिस्क जुन्या संगणकावर उघडत नाही. वापरणारा वैतागतो, पण त्याचा विदा शाबूत राहतो.