रानड्यांच्या दौऱ्यात एक दिवस

उठा. अंगाखाली कडब्याची पेंढी आहे, ती टोचणारच. घोंगडी झटका, पायांत वहाणा सरकवा आणि बाहेर या. हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी मुलूख, साल १८८८, हिवाळ्याची पहाट. तोंडातून वाफ निघतेय. शेणकुटांचा धूर जमिनीलगत पसरलाय आणि कुठेतरी ज्वारीची भाकरी तव्यावर करपतेय. तुम्ही वऱ्हाडातल्या डोणगाव-मेहकरकडचे असाल, तर एवढ्या वासांवरच तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल.

त्या राहुटीतून टाळ्यांचा आवाज येतोय, ऐकलात? आत एक धिप्पाड गृहस्थ बसल्या बसल्या तुकोबांचे अभंग म्हणताहेत. टाळीचा ठेका चुकतो, सूरही जागेवर राहत नाही, पण डोळे मिटलेले आहेत आणि चेहरा भरून आलाय. हे महादेव गोविंद रानडे, शेतकरी कर्जाच्या कायद्याचे स्पेशल जज्ज. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी रमाबाई वर्तमानपत्र घेऊन बसतील आणि मोठ्याने वाचतील, कारण रानड्यांच्या डोळ्यांना फार ताण सोसत नाही.

चला, कचेरीकडे. उन्हं वर आली तशी थंडी पळाली, आणि आता पाठ भाजतेय. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. घोंगड्यांना मेंढरांचा वास, तंबाखूच्या पिंका, उभ्या गाड्यांचे बैल, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांची किणकिण. एका बाजूला लाल बासनातल्या वह्या मांडीवर घेऊन सावकार बसलेत. दुसऱ्या बाजूला कुळं उकिडवी बसलीत, पागोटी सैल करून घाम पुसताहेत. पट्टेवाला नावं पुकारतो तेव्हा प्रत्येकाला ते आपलंच वाटतं आणि सगळी गर्दी एक पाऊल पुढे सरकते. तुमच्या पायावर कुणाचा तरी पाय पडला. सोसा.

आत या. बोरूची कुरकुर ऐका. कारकून ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकतो, कागद तिरपा करतो आणि वाळू पुन्हा डबीत ओततो. समोर पसरलंय एक मोडीतलं कर्जखत. खाली सहीच्या जागी नांगराचं चित्र आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्या कुणब्याची ही निशाणी. वर काय लिहिलंय ते त्याने कधी वाचलेलं नाही. त्याला फक्त नांगर ओळखू येतो.

रानडे इथे नवे दावे ऐकायला आलेले नाहीत. खालच्या कोर्टांनी या कायद्याखाली काय निकाल दिले, ते तपासायला आलेत. एका प्रकरणात मुनसफांनी शेवटचं खत पाहून हुकूम देऊन टाकलाय. रानडे कागद मागे उलटतात, पुन्हा मागे उलटतात. आधीचं खत कुठे आहे? त्याच्या आधीचं? पैसे पहिल्यांदा घेतले ते कधी, आणि कशासाठी? सावकार चुळबुळ करतो. कुळ हात जोडून म्हणतं, "बैल मेला व्हता, सरकार."

एका बैलापुरते थोडे रुपये. त्यातलेही काही हातात पडण्याआधीच कापलेले. मग व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, त्याच्यावर व्याज चढून आणखी एक खत, आणि अखेर जमीन गहाण. इथून जवळच्याच सुप्यात १८७५च्या मे महिन्यात बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरात घुसून अशाच खतांची होळी केली होती. त्या आगीनंतर चार वर्षांनी हा कायदा आला. न्यायाधीशाने खताच्या मागे जायचं, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून हिशेब मांडायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, आणि व्याजावर व्याज नाही. पैसे फेडले की पावती. फेड हप्त्यांनी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही.

पुणे, सातारा, नगर, सोलापूर, एवढ्यापुरताच हा कायदा. तुम्ही वऱ्हाडातले असाल, तर तिकडे तो नाही, म्हणूनच इतके डोळे फाडून बघताय.

दुपारची सुट्टी झाली. लिंबाच्या सावलीत भाकरी सोडा, कांदा बुक्कीने फोडा, मिरचीचा ठेचा जपून घ्या. शेजारचा कारकून गप्पिष्ट आहे. साहेब निफाडचे, बालपण कोल्हापुरात गेलं, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, असं तो अभिमानाने सांगतो. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो: लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेतल्या कामामुळे सरकारचा यांच्यावर डोळा होता, धुळ्याला बदली झाली तेव्हा यांचं टपाल फोडून वाचायचे! आणि त्याच सरकारने पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसवलं. कारकुनाला ठाऊक नाही, पण पाच वर्षांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानंतर त्यांची हायकोर्टातली खुर्चीही याच माणसाकडे जाणार आहे.

त्या खुर्चीचा मान मोठा खराच. पण इथे, या धुळीत, रानडे मला त्याहून मोठे वाटतात. नोकरी सरकारची, मन सभेचं, आणि दोन्ही ओझी खांद्यावर असताना मोडीतल्या एकेका ओळीवर दुखऱ्या डोळ्यांनी थांबणं, ही चिकाटी सोपी नाही. जाळून खत संपतं, पण हिशेब संपत नाही. तो कुणीतरी बसून पहिल्यापासून मांडावा लागतो.

पुन्हा पुकारा झाला, आत चला. हुकूम थोडक्यात आहे: जुन्या वह्या हजर करा, सगळा व्यवहार सुरुवातीपासून तपासा.

कुळ बाहेर येतं. त्याला कळलेलं नाही. ते तुमच्याकडे बघतं, कारण तुम्ही शिकलेले दिसता. "जिंकलो का हरलो, दादा?"

त्याला बाजूला घ्या आणि नीट समजावून सांगा. अजून काहीच ठरलेलं नाही. जमीन सुटेलच असं नाही. पण आता कोर्ट नांगराच्या निशाणीवर थांबणार नाही, तुझा बैल मेला त्या दिवसापासून मोजणार आहे. तेव्हा पुढच्या तारखेला ये, साक्षीदार आण, आणि कधी किती धान्य घातलंस, किती रुपये दिलेस, ते सगळं आजपासून आठवायला लाग.