विकराधारित जैवसंवेदक : कार्यक्षमतावृद्धी

विकर, म्हणजेच एंझाइम, आणि त्याच्या विक्रियेचे मोजता येणाऱ्या संकेतात रूपांतर करणारा परिवर्तक यांच्या जोडणीला विकराधारित जैवसंवेदक म्हणतात. संवेदनशीलता, निवडकता, मापनाची व्याप्ती, प्रतिसादाचा वेग आणि टिकाऊपणा हे त्याच्या कार्यक्षमतेचे निकष होत. रक्तशर्करा मोजणारा ग्लुकोज संवेदक हे सर्वांत विकसित उदाहरण आहे. लीलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये त्याची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. यांतील ऑक्सिजनची घट किंवा पेरॉक्साइडची वाढ मोजली जाते.

स्थिरीकरण : केवळ पृष्ठशोषणाने बसवलेले विकर हळूहळू निसटते. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी ते पॉलिअ‍ॅक्रिलमाइड जेलमध्ये अडकवले. ग्लुटाराल्डिहाइडने साधलेली जोडणी अधिक पक्की असते. मात्र ती अति झाल्यास विकराची क्रियाशीलता घटते.

इलेक्ट्रॉन-वहन : ग्लुकोज ऑक्सिडेजचे क्रियाशील केंद्र प्रथिनाच्या आत खोल असल्याने इलेक्ट्रॉन विद्युत्अग्रापर्यंत सहज पोहोचत नाहीत. शिवाय नमुन्यातील ऑक्सिजन कमीजास्त झाला की मापन चुकते. १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन संयुग मध्यस्थ म्हणून वापरले. अ‍ॅडम हेलर यांनी ऑस्मियमयुक्त बहुवारिकाने विकर थेट विद्युत्अग्राशी जोडले.

निवडकता : पेरॉक्साइड मोजण्यासाठी प्लॅटिनमवर सुमारे ०.६ व्होल्ट विभव लागतो. त्या विभवाला अ‍ॅस्कॉर्बिक अम्ल, यूरिक अम्ल व पॅरासिटामॉल यांचेही ऑक्सिडीकरण होते. ऋणभारित नॅफिऑन पटल पहिल्या दोहोंना रोखते. पॅरासिटामॉल विद्युत्भाररहित असल्याने आत शिरते. प्रशियन ब्लूच्या थरामुळे शून्य व्होल्टच्या आसपास मापन शक्य होऊन तिन्हींचा अडथळा घटतो.

व्याप्ती : बाहेरील पॉलियुरेथेन पटल ग्लुकोजचा प्रवेश मर्यादित करते. त्यामुळे ऑक्सिजन अपुरा पडत नाही आणि जास्त शर्करेतही प्रतिसाद सरळ प्रमाणात राहतो. मात्र संकेत क्षीण व संथ होतो.

विकराची निवड : ग्लुकोज डिहायड्रोजनेजला ऑक्सिजन लागत नाही. परंतु त्याचा पीक्यूक्यू या सहघटकावर आधारित प्रकार माल्टोजलाही ग्लुकोज समजतो. शरीरात माल्टोजमध्ये विघटन होणारे आयकोडेक्स्ट्रिन वापरून उदरावरणी डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांत त्यामुळे शर्करा खोटीच जास्त दिसली, जादा इन्शुलिन दिले गेले व मृत्यूही घडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा इशारा दिला.

म्हणून कोणतीही सुधारणा केवळ शुद्ध द्रावणात नव्हे, तर रुग्णाच्या रक्तात सिद्ध व्हावी लागते. रक्तशर्करा मापकांसाठीच्या आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार किमान ९५ टक्के वाचने संदर्भमूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत, आणि १०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरखाली १५ मिग्रॅ.च्या आत असावी लागतात.