छत हाच दिवा: अप्रत्यक्ष गृहप्रकाशाच्या अभ्यासाची प्रस्तावना

छताच्या कडेने पीओपीची कॉर्निस बसवायची, तिच्यामागे एलईडीची पट्टी चिकटवायची आणि बटण दाबायचे. बहुतेक घरांत विषय इथे संपतो. या अभ्यासात तो इथे सुरू होतो. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला ती पट्टी दिसतच नाही, दिसते ते उजळलेले छत. त्याच्या डोळ्यांपुरता दिवा म्हणजे ते छतच. हे एकदा मनात पक्के बसले की छताचा रंग, त्यावरची लांबी (पुट्टी), कॉर्निसची उंची हे सगळे प्रश्न पट्टीच्या खरेदीआधी येतात. नव्या वाचकाने दचकू नये. शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती आणि थोडा भागाकार एवढी शिदोरी पुरते.

दिवा लपवून पृष्ठभाग उजळण्याची कल्पना विजेहून जुनी आहे. रोममधल्या कॉर्नारो चॅपेलमध्ये बर्निनीने सतराव्या शतकाच्या मध्यावर संत तेरेसाच्या शिल्पाच्या माथ्यावर एक खिडकी अशी दडवली, की संगमरवरावर उजेड उतरताना दिसतो, पण तो येतो कुठून ते कळत नाही. आपल्याकडच्या वाड्यांत चौकातल्या फरसबंदीवर पडलेले ऊन परावर्तित होऊनच ओसरीपर्यंत पोचे. विजेच्या काळात हे तंत्र चित्रपटगृहांनी आपलेसे केले. मुंबईतले 1949 साली सुरू झालेले ‘लिबर्टी’ ज्यांनी आतून पाहिले आहे, त्यांना नक्षीच्या आडून झिरपणाऱ्या उजेडाबद्दल वेगळे सांगायला नको. नाटकवाल्यांचा सायक्लोरामाही याच घराण्यातला: दिवे प्रेक्षकांच्या नजरेआड आणि समोर आभाळासारखा एकसंध उजळलेला पडदा. अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी 1952 मध्ये उजेडाची तीन कामे वेगळी करून मांडली: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, एका जागी एकवटलेला उजेड आणि लखलखाट. कॉर्निसमागचा उजेड यातले पहिले काम करतो. बाकीची दोन त्याच्यावर लादू नयेत.

या विषयाचा पाया योहान हाइनरिश लाम्बेर्ट यांनी 1760 सालच्या ‘फोटोमेट्रिया’त घातला. आदर्श खरखरीत पांढरा पृष्ठभाग कोणत्याही कोनातून पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो, हे त्यातले तत्त्व आपल्या छताला थेट लागू पडते. म्हणून छताला मॅट रंग द्यावा. चकचकीत रंगात पट्टीतला एकेक ठिपका आरशासारखा उमटतो आणि लपवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. चांगला पांढरा मॅट रंग पडलेल्या उजेडापैकी सुमारे 80 टक्के परत देतो. छत पीच रंगाचे असेल तर पांढरी पट्टीसुद्धा खोलीला पीच रंगाचा उजेड देईल. रंगाऱ्याशी आधी बोला, इलेक्ट्रिशियनशी मग, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आता भूमिती. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू. समजा कॉर्निसची वरची कड जमिनीपासून 9 फुटांवर आहे आणि तिच्या व छताच्या मध्ये 4 इंच मोकळे आहेत. पट्टी कडेच्या 3 इंच मागे आणि 1 इंच खाली बसवली. पट्टीपासून कडेला स्पर्शून निघालेली रेषा दर 3 इंचांना 1 इंच चढते, म्हणजे कडेपासून 12 इंचांवर ती छताला भिडते. थेट उजेड तिथे संपतो. खोलीभर पसरायचा तो भिंतीलगत फूटभर पट्टा उजळून थांबतो, आणि पुढे नुसते परावर्तनावर भागवावे लागते. आता समोरच्या भिंतीशी, 12 फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करू. त्याचे डोळे 5 फुटांवर. त्याची नजर कडेवरून पुढे जाते तीही चढतच जाते, फूटभराला 4 इंच या दराने. त्यामुळे कडेच्या 3 इंच मागे, कडेहून 1 इंच वरपर्यंत जे काही आहे ते त्याला दिसतच नाही. म्हणजे पट्टी खोल गाडायची गरजच नव्हती! ती कडेच्या पातळीला आणली तरी दडलेलीच राहते आणि उजेड थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातो. अपवाद जिना असलेल्या घरांचा: जिन्यावरून नजर खाली उतरते आणि पट्टी उघडी पडते.

कड आणि छत यांतली फट अरुंद असेल, तर उजेड छताला घासून जातो आणि लांबीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. एरवी सपाट वाटणारे छत रात्री लाटांनी भरते. फट 6 इंचांपर्यंत वाढवली तर ही खोड बरीच कमी होते. फॉल्स सीलिंग नको, उंची घालवायची नाही, अशा फ्लॅटवाल्यांना कॉर्निसचा मार्ग भावतो, पण तिलाही छताशी चिकटवून चालत नाही.

घरात हे तंत्र सोपे झाले ते एलईडीमुळे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, तिच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. त्याआधी खाचेत ट्यूबलाइट ठेवत, आणि दोन ट्यूबांच्या जोडावर काळा डाग पडे. पट्टीत तो पडत नाही. तिची अडचण वेगळी. मीटरला 9.6 वॉटची 5 मीटर पट्टी 12 व्होल्टवर 4 अँपिअर घेते, आणि टोकाकडे दाब घटून उजेड मंदावतो. 24 व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो आणि दाबातली टक्केवारीची घट जवळजवळ चौथाईवर येते. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर मात्र पीओपीत गाडू नका. पट्टीआधी तोच जाण्याची शक्यता अधिक, आणि मग कॉर्निस फोडावी लागते.

उजेड किती हवा? 12 बाय 15 फुटांचा हॉल म्हणजे सुमारे 16.7 चौरस मीटर. 100 लक्स, म्हणजे चौरस मीटरला 100 लुमेन, धरले तर खाली 1,670 लुमेन पोचायला हवेत. वाटेत परावर्तनात गळून 40 टक्के पोचतात असे मानले, तर सुमारे 4,200 लुमेन लागतील. परिमिती 54 फूट, म्हणजे साडेसोळा मीटर. मीटरला 250 लुमेन झाले. दुकानात सर्रास मिळणारी पट्टी याच्या तिप्पट उजेड देते. त्यामुळे कमी वॉटची पट्टी आणि डिमर घ्यावा. रंगछटा 2,700 ते 3,000 केल्व्हिनची असावी.

एका गोष्टीबद्दल मात्र मी ठाम आहे: ज्या घरात वयस्कर माणसे आहेत तिथे केवळ या उजेडावर राहू नये. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. शिवाय सावल्या पुसणारा उजेड पायरीची धारही पुसतो. वाचायला, भाजी चिरायला, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे पाहायला थेट पडणारा दिवा वेगळा हवाच.

काम काढण्याआधी एक प्रयोग करून पाहा. पुठ्ठ्याची 6 इंच रुंद पट्टी भिंतीवर छताजवळ टेपने तात्पुरती लावा, मागे दोन मीटर एलईडी ठेवा आणि रात्री बाकीचे दिवे मालवून पुठ्ठा वरखाली सरकवत छतावरच्या उजेडाची कड कशी हलते ते पाहा.