सीमेचा दगड आणि नदीचा बांध

जावा बेटातील खेड्याला आजही ‘देसा’ म्हणतात. हा आपलाच ‘देश’ शब्द होय. समुद्रापलीकडे जाऊन तो गावापुरता लहान झाला, इतकेच. ‘सीमा’ या शब्दाचे मात्र उलट झाले. आपल्याकडे सीमा म्हणजे शिवेची खूण. जुन्या जावी भाषेत ‘सीम’ म्हणजे राजाने करमुक्त करून एखाद्या देवालयाला, आश्रमाला किंवा लोकोपयोगी कामाला लावून दिलेली जमीन, कधी सबंध गावच. आपल्या अग्रहारांच्या आणि देवस्थान-इनामांच्या जातीची ही वस्तू. अशा सीमांचे शिलालेख व ताम्रपट जावात कित्येक शतके कोरले जात होते, आणि त्यांवरील काळ दिला आहे तो आपल्या पंचांगातल्या शकानेच.

बरबुदूर आणि प्रांबानान येथील देवालयांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या देवालयांना भात पुरविणारा सखल मुलखातला शेतकरी कसा राहत होता, त्याचे म्हणून काय होते आणि तो कोठे व कसा जात-येत असे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर या सीमालेखांत बरेचसे सापडते. आम्ही येथे पूर्व जावातील ब्रंतास नदीचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे. ही नदी अर्जुन पर्वताच्या बाजूस उगम पावते, ज्वालामुखींना जवळजवळ पूर्ण वळसा घालते, आणि समुद्राजवळ फाटे फुटून सपाट, गाळाचा प्रदेश तयार करते. भाताला याहून चांगली जमीन नाही, आणि पुराला याहून सोयीची जागा नाही.

प्रथम मालमत्तेविषयी. सीम दिली म्हणजे राजाने शेतकऱ्याची जमीन काढून घेऊन देवाला वाहिली असे नव्हे. कसणारा कसतच राही. राजा सोडून देई तो आपला हक्क, ज्याला लेखांत ‘द्रव्य हजि’ म्हटले आहे. ‘हजि’ म्हणजे राजा. हे द्रव्य वसूल करणाऱ्यांचा एक मोठा ताफा असे, आणि त्यांनी सीमेत पाऊल टाकू नये अशी आज्ञा त्यांच्या प्रकारांची लांबलचक यादी देऊन कोरलेली असे. ती यादी वाचताना खेडुताला या मंडळींचा किती जाच होत असेल याची कल्पना येते. गावात लोहार, विणकर, फेरीवाले किती असावेत, म्हशी, बैल आणि शेळ्या किती संख्येपर्यंत करमुक्त राहतील, हेही ठरवून दिलेले असे. त्या संख्येच्या वर जे असेल त्यावरील कराचे काही लेखांत तीन वाटे सांगितले आहेत: एक देवाचा, एक सीमेचा सांभाळ करणाऱ्यांचा, आणि एक राजाच्या वसूलदारांचा. देवाच्या नावाने दिलेल्या दानातही राजाने आपला तिसरा वाटा विसरला नाही, हे सांगितलेच पाहिजे.

दानाचा विधी गावाच्या मधोमध, सर्वांसमक्ष होई. शेजारच्या गावांचे वडीलधारे, ज्यांना ‘राम’ म्हणत, साक्षीला बोलावले जात. त्यांना दर्जाप्रमाणे वस्त्रे आणि सोने मिळे, आणि कोणाला किती मिळाले हेही लेखात नोंदले जाई. मग ‘मकुदुर’ नावाचा अधिकारी सीमेच्या दगडावर कोंबडीची मान कापी, अंडे फोडी, आणि शापवाणी उच्चारी. जो ही सीमा मोडील तो रानात गेला तर वाघाने खावा, पाण्यात उतरला तर मगरीने धरावा, अशा धर्तीचे ते शाप असत. कोकणात आणि गोमंतकात शिलाहार-कदंबांच्या काळचे गद्धेगाळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. आपल्या पूर्वजांनी शाप दगडावर उघडावाघडा कोरला, जावी लोकांनी तो प्राण्यांच्या तोंडी दिला. हेतू एकच होता: राजा बदलला तरी देवाची जमीन हलू नये.

पण भाताच्या मुलखात जमीन ही अर्धीच मालमत्ता. उरलेली अर्धी पाणी. केदिरी भागात सापडलेल्या हरिंजिंगच्या शिलालेखातील सर्वांत जुना मजकूर शके 726 चा, म्हणजे इ. स. 804 चा आहे. त्यात भगवंत बारी नावाच्या पुरुषाने आपल्या लोकांसह नदीचे पाणी वळविण्याचे काम केल्याची नोंद आहे. त्याच दगडावर दहाव्या शतकातले आणखी मजकूर आहेत, आणि त्यांत बारीचे वंशज त्या कामाच्या बळावर आपले हक्क राजाकडून पुन्हा मान्य करून घेतात. शंभरावर वर्षे टिकलेला हा हक्क जमीन जिंकून मिळालेला नव्हता. पाट खणून मिळालेला होता.

याहून बोलका दगड कमलग्यानचा आहे, शके 959 चा, म्हणजे इ. स. 1037 मधला. राजा ऐरलंग. वरिंगिन सप्त येथे नदीचा काठ फुटला आणि पाणी खालच्या गावांत शिरले. लुसुन, पंजुवान, तलन, पंकज अशी बुडालेल्या गावांची नावे लेखात आहेत. त्यांच्याबरोबर विहार, देवस्थाने आणि तपोवने यांचेही नुकसान झाले. गावकऱ्यांनी बांध घातला, तो फुटला. पुन्हा घातला, पुन्हा फुटला. शेवटी राजाने सर्व मुलखातून माणसे गोळा करून मोठा बांध बांधविला, आणि नदी उत्तरेकडे शाखांनी वाहू लागली. तेव्हा हुजुंग गलुह बंदराकडे जाणाऱ्या नावाड्यांना आणि बेटाबेटांहून येणाऱ्या व्यापाऱ्यांना आनंद झाला, असे लेख म्हणतो. बांधाची राखण मात्र कमलग्यानच्या रहिवाशांकडे आली आणि त्यापायी गावाच्या करांची व्यवस्था बदलली. सूट मिळाली ती जबाबदारीसह.

येथे आम्हांस गोव्याच्या खाजन जमिनींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. खारे पाणी रोखणारा बांध आणि त्यातली मानस सांभाळणे हे गावकारीचे मूळ काम होते. जोण वाटण्याचा हक्क त्यामागून आला. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात गावकारांच्या या रूढी लिहून काढल्या. आता जोणेचा हिशेब सर्वांना ठाऊक असतो, पण बांध कोणी घालायचा यावर तंटे चालतात, आणि कित्येक खाजनांत खारे पाणी शिरले आहे. कमलग्यानच्या लेखकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागला नसता.

आता प्रवास. खेडुताचा नेहमीचा प्रवास बाजारापुरता असे. जावी आठवडा दोन असतात, एक सात वारांचा आणि एक पाच वारांचा. बाजार पाच वारांच्या चक्राने गावोगाव फिरे. खांद्यावर कावड घेऊन मनुष्य पायी जाई. वाटेत नदी आडवी येई, आणि तेथे प्रवासाचा खरा प्रश्न उभा राही. राजा बलितुंगाच्या काळी, शके 825 च्या अखेरीस, म्हणजे इ. स. 904 च्या आरंभी, सोलो नदीकाठची तेलंग वगैरे गावे सीम करण्यात आली ती या अटीवर की त्यांनी तर चालवावी आणि पार उतरणाऱ्यांकडून काही घेऊ नये. दानाचे पुण्य वाटसरूच्या फुकट उतरण्यात मोजले गेले. ही कल्पना आम्हांस फार आवडते.

साडेचारशे वर्षांनी, शके 1280 मध्ये (इ. स. 1358), मजपहितच्या राजा हयाम वुरुकने ब्रंतास आणि सोलो या दोन्ही नद्यांवरील तरींची जी सनद दिली तिच्यात घाटांच्या गावांची ओळच्या ओळ आहे, आणि सुरबय शहराचे नाव त्या यादीत एका तरीचे गाव म्हणून येते. पुढच्याच वर्षी हा राजा लुमाजंगकडे फेरीला निघाला. बरोबर असलेल्या प्रपंच कवीने त्या फेरीचे वर्णन 1365 मधील आपल्या काव्यात केले आहे. गाड्यांच्या रांगा, अरुंद वाट, पाऊस लागून घसरणारी उतरण आणि एकमेकींवर आदळणाऱ्या गाड्या यांनी ते भरलेले आहे. त्याच काव्यात राजघराण्यातील वडील मंडळी गावच्या प्रमुखांना रस्ते, पूल आणि शेते सांभाळण्यास बजावतात, आणि शेते उजाड झाली तर राजधानीलाही अन्न मिळणार नाही हे राजा स्वतः मान्य करतो.

पुढे डचांचा अंमल आला, 1870 च्या कायद्याने ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची ठरली, आणि स्वातंत्र्यानंतर 1960 च्या कृषिकायद्याने नोंदणीचा नवा पाया घातला. तरी पुष्कळ खेडुतांजवळ गावच्या करवहीतील नोंदीपलीकडे कागद नव्हता. त्याची किंमत 29 मे 2006 नंतर कळली. त्या दिवशी ब्रंतासच्या याच गाळमुलखात, सिदोआर्जो जिल्ह्यातील पोरोंग येथे, जमिनीतून ऊन चिखल उसळू लागला. वर्षानुवर्षे तो वाहत राहिला. सिरिंग, जातिरेजो, रेनोकेनोंगो ही गावे त्याखाली गेली, आणि हजारो कुटुंबांना भरपाईसाठी आपली जमीन आपली होती हे कागदाने सिद्ध करावे लागले. शीव दाखवायला दगड नव्हता, झाड नव्हते, घराचा कोपराही नव्हता. चिखल रोखण्यासाठी सभोवती मोठे बांध घातले आहेत. तेथील मुसलमान कुटुंबे रमजानापूर्वी त्या बांधावर येतात आणि ज्या बाजूला पूर्वजांच्या कबरी बुडाल्या त्या बाजूला चिखलावर फुले टाकतात.

कमलग्यानचा दगड त्याच जिल्ह्यात, क्रियानजवळ क्लागेन वाडीत, अजून उभा आहे.